ठेवणार कुठे

जेवणाच्या सुट्टीत हातिमभाईंनी विचारलं,
पालव, पैशाला तळच नसता
तर काय काय घेतलं असतंस?
अन्वर मधेच म्हणाला, गाडी. लाल. छप्पर उघडणारी.
खंडू ढेबे हातगाडीच्या दांड्यावर बसून तंबाखू मळत होता.
म्हणाला, क्रेन. माझी मला उचलायला.
मी डबा बंद केला.
म्हटलं, थांबा जरा, घाई करू नका.

एकतीस वर्षं मी नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगं विकतोय.
बासष्ट शून्य दोन म्हणजे डोक्यावरचा पंखा,
बासष्ट शून्य पाच, धुण्याचं मशीन.
पुढचे नंबर कशात बसतात, देव जाणे.
तेलकट कागदात गुंडाळायचे, खोक्यावर गाव लिहायचं
चंद्रपूर, मुंद्रा, माझगाव गोदी
आणि पावती फाडायची.
मी यंत्रं पाहिली नाहीत, हातिमभाई.
नुसत्या त्यांच्या बेंब्या पाहिल्यात.

तर आधी घेईन भुयार खोदणारं ते धूड.
मागे या शहराच्या पोटातून सरपटत गेलं
तेव्हा आपल्या फळीवरची खोकी दोन दिवस
आपोआप कडेला येत होती, आठवतंय?
तेच. दिशा मात्र मी ठरवणार.
शिवडीला खाली शिरेन
आणि मालवणात मामाच्या माडाच्या मुळाशी
तोंड वर काढेन, नारळ मोजत.

मग आकाशपाळणा. जत्रेतला नव्हे,
वीस मजली. प्रत्येक पाळण्यात एक बिऱ्हाड,
मोरी, ओटा, देव्हाऱ्यासकट.
आज समुद्र तुम्हाला दिसेल,
संध्याकाळी आम्हाला.
तळाला कोण राहतं या प्रश्नाचं उत्तर
दर वीस मिनिटांनी बदलेल.

आणि एक रोडरोलर.
त्याला कारण नाही.
सात वर्षांचा असताना हवा होता.

खंडू थुंकून आला, म्हणाला, ती मोठी रिंग?
ती कशी विसरेन.
पत्ता चुकून ट्रेलर गल्लीच्या तोंडाशी अडकला होता,
वर आडवी पसरलेली, तीन मीटर रुंद,
गोदीतल्या कुठल्याशा क्रेनच्या कमरेची.
मागे टेम्पो, हातगाड्या, एक वरात, सगळं ठप्प.
हमाल वर चढले, आतल्या कड्यावर बसून चहा प्यायले,
अकरा जण. मी मोजले होते.
हातिमभाई, तुमचे वडील दुकानातून उतरले,
टोपी सारखी केली
आणि एका बोटानं कडं ढकललं.

अकरा माणसं फिरली.
कपासकट. आवाज नाही.
वरातीतला बँडवाला वाजवायचा थांबला.

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
मग हातिमभाईंनी चष्मा पुसत विचारलं,
सगळं खरं रे, पण ठेवणार कुठे?

माझी खोली दहा बाय बारा.
रोडरोलर शिरला तर बायको बाहेर.
आकाशपाळण्याला अग्निशमनवाल्यांचा दाखला,
भुयाराला पालिकेचा, आणि मामाचा वेगळाच.
पैशाला तळ नाही म्हणता ना,
पण या शहरात पाय पसरायला भिंत आधी लागते.

एवढ्यात डोंगरीची एक पोरगी आली,
काखेत स्केटबोर्ड, गुडघा खरचटलेला.
सहाशे आठ आहे का? आठ नग.
भाव केला तिनं, पक्का.
वर म्हणाली, यातली चिकट काढून द्या, ती अडवते.
मी एक रॉकेलमध्ये बुडवलं, फडक्यानं पुसलं.
तिनं ते करंगळीत घातलं, टिचकी मारली
आणि म्हणाली, किती वेळ फिरतं बघा हं.

गिऱ्हाईक तिष्ठत होतं.
फोन वाजत होता.
आम्ही चौघं मोजत उभे होतो,
छत्तीस, सदतीस,
अन्वर, मधे बोलू नकोस,
अडतीस